चोपड्याचा पहारा आणि बऱ्हाणपूरचा खांब
(सर थॉमस रो याच्या रोजनिशीतील खानदेश : एक चिकित्सा)

सर थॉमस रो हे नाव बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असते, आणि तेही एका ओळीपुरते. इंग्लंडच्या राजाचा वकील जहांगीर बादशहाच्या दरबारी आला, त्याने व्यापाराच्या सवलती मिळवल्या, पुढचे सगळ्यांना माहीत आहे. या ओळीत सुरत येते, अजमेर येते, फार तर मांडू येते. मधला पंधरा दिवसांचा रस्ता गळून जातो. तो रस्ता खानदेशचा आहे. ३० ऑक्टोबर १६१५ रोजी रोने सुरत सोडली आणि १४ नोव्हेंबरला तो बऱ्हाणपुरात पोहोचला. नंदुरबार, निमगूळ, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, अडावद, रावेर ही त्याच्या वाटेवरची गावे. रोजनिशीत ती इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेली आहेत, पण आपल्याकडच्या माणसाला ओळखायला वेळ लागत नाही. आमचे नशिराबाद तापीच्या दक्षिणेला. रोचा मार्ग थाळनेरपासून पुढे नदीच्या उत्तरेने, सातपुड्याच्या अंगाने गेला.

ही रोजनिशी विल्यम फॉस्टरने संपादित करून १८९९ साली हक्लूट सोसायटीतर्फे दोन खंडांत प्रसिद्ध केली. आता तिची प्रत संगणकावर कोणालाही फुकट वाचता येते. तरीही खानदेशच्या इतिहासावर लिहिताना आपल्याकडे रोचे एकच वाक्य फिरत राहते. सुरतेपासून बऱ्हाणपूरपर्यंतचा मुलूख दरिद्री आणि ओसाड आहे, गावे सगळी मातीची आहेत, माणसाने टेकावे असे एक घर नाही, अशा आशयाचे. स्मरणिका असो की जिल्ह्याच्या माहितीची पुस्तिका, हे वाक्य साक्षीदाराच्या जबानीसारखे दिले जाते. जबानी देणारा कोण होता, कशासाठी आला होता आणि त्याला नेमके कसले घर हवे होते, हे विचारले जात नाही.

माझे म्हणणे असे की, राजदूत म्हणजे कोण आणि त्याला कोणते अधिकार, हा रोच्या सगळ्या वकिलातीचा कळीचा प्रश्न होता. आणि त्या प्रश्नाची सर्वांत स्वच्छ परीक्षा अजमेरला नव्हे, खानदेशात झाली. तेवढी पाने नीट वाचली की मातीच्या घरांचे वाक्यही वेगळे दिसू लागते.

सुरुवात मात्र सुरतेपासून करावी लागेल. सप्टेंबर १६१५ च्या अखेरीस रो जहाजातून उतरला तो थाटामाटात, राजाचा वकील म्हणून. बंदरावरचा नियम असा की उतरणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची. रोने ठणकावून सांगितले की राजाच्या वकिलाची आणि त्याच्या माणसांची झडती होत नाही. सुरतेच्या अधिकाऱ्यांनी तोड काढली : झडती नको, आमचा माणूस नुसता कमरेला हात लावून मिठी मारल्यासारखे करील, म्हणजे नियमही राहील आणि मानही. रोला तेही चालेना. त्याने आपली पिस्तुले मागवून घोड्याच्या खोगिराला अडकवली. सुरतेचा सुभेदार झुल्फिकारखान याच्याशी हे भांडण महिनाभर चालले.

इतिहासाची पुस्तके हा प्रसंग इंग्रजी ताठ्याचा नमुना म्हणून सांगतात. ताठा होताच. पण सुरतेच्या लोकांच्या बाजूने एक गोष्ट बघायला हवी. रोच्या आधी हॉकिन्स आला होता; तो जहांगीराच्या दरबारात राहिला, चारशेचा मनसबदार झाला. मग कॅनिंग आला, मग एडवर्ड्स. प्रत्येक जण राजाचे पत्र दाखवी आणि प्रत्येकाच्या मागे कंपनीच्या मालाच्या पेट्या असत. म्हणजे सुरतेच्या नाक्यावर बसलेल्या कारकुनासाठी 'राजाचा वकील' हा शब्द घासून गुळगुळीत झालेला होता. चौथा माणूस येऊन तोच शब्द उच्चारतो तेव्हा कारकुनाने पेटी उघडून बघायची की नाही?

आज या प्रश्नाला लेखी उत्तर आहे. राजनैतिक संबंधांविषयीचा व्हिएन्ना करार १८ एप्रिल १९६१ रोजी झाला, १९६४ पासून अमलात आला, भारत १९६५ साली त्यात सामील झाला आणि १९७२ साली आपल्या संसदेने त्यासाठी वेगळा कायदा केला. त्याचे २९ वे कलम सांगते की राजदूताच्या अंगाला हात लावायचा नाही, त्याला अटक करायची नाही. ३६ व्या कलमानुसार त्याचे सामान तपासायचे नाही. गंभीर संशय असेल तरच, आणि तेही त्याच्या किंवा त्याच्या प्रतिनिधीच्या समोर. सुरतेला रो जे मागत होता ते जवळपास हेच. आणि लेखी उत्तर असूनही भांडण मिटलेले नाही. १२ डिसेंबर २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली, अंगझडती झाली. अमेरिकेचे म्हणणे होते की त्या वाणिज्य दूतावासात आहेत, त्यांना १९६३ चा दुसरा करार लागू होतो, आणि त्यातले संरक्षण कामापुरते आहे. म्हणजे वाद पुन्हा तोच : तुम्ही नक्की कोण आहात? पुढे त्यांची नेमणूक संयुक्त राष्ट्रांतल्या भारतीय कार्यालयात झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये त्या मायदेशी परतल्या. त्या काळात दिल्लीत अमेरिकी वकिलातीसमोरचे अडथळे आपल्या सरकारने उचलून नेले, तेव्हा झुल्फिकारखानाला ती भाषा लगेच कळली असती.

आणखी एक समज इथेच दूर करावा. युरोपात राजदूतांचे नियम पक्के होते आणि मोगलांना ते समजत नव्हते, असे चित्र रो स्वतः उभे करतो. 'राष्ट्रांचा कायदा' तो जणू खिशात घेऊन फिरतो. वस्तुस्थिती तशी नाही. या विषयावर जेंटिलीचे पुस्तक १५८५ साली निघाले होते, ग्रोशियसचे अजून व्हायचे होते, ते १६२५ चे. रोच्या प्रवासानंतर शेहेचाळीस वर्षांनी, १६६१ साली, खुद्द लंडनच्या रस्त्यात स्पेन आणि फ्रान्सच्या वकिलांच्या माणसांची हाणामारी झाली, ती कशावरून, तर मिरवणुकीत गाडी कोणाची पुढे. १७०८ साली रशियाच्या झारचा राजदूत मात्वेयेव याला लंडनमध्ये सावकारांच्या कर्जापायी गाडीतून उतरवून अटक केली गेली. त्या नामुष्कीनंतर इंग्लंडच्या पार्लमेंटाने राजदूतांच्या संरक्षणाचा कायदा केला. म्हणजे रो सुरतेत जो नियम सांगत होता तो त्याच्या देशात कायदा व्हायला अजून नव्वदहून अधिक वर्षे होती. आपल्याकडे दूत अवध्य आहे हे रामायण ऐकणाऱ्या पोरालाही माहीत. मारुतीची शेपटी पेटवली तीसुद्धा बिभीषणाने हा नियम सांगितल्यावर काढलेली पळवाट. पण दूताची पिशवी तपासू नये, असे कुठल्या कीर्तनात मी ऐकलेले नाही.

आता चोपडा. इथे रोने नेहमीप्रमाणे गावाबाहेर तंबू ठोकले. बादशहाचे स्थानिक अधिकारी आले. डोंगरातल्या लुटारूंचे भय आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या रात्री तीस घोडेस्वार आणि वीस बंदूकवाले तंबूंभोवती पहाऱ्याला राहिले. रोच्या रोजनिशीत हा मजकूर थोड्याच ओळींचा आहे आणि त्या ओळी वाचणारा बहुधा लुटारूंवर थांबतो. खानदेश म्हटले की भिल्ल आणि वाटमारी, हे समीकरण पुढे इंग्रजी अमलात इतके घट्ट झाले की १६१५ चा पुरावा मिळाल्याचा आनंद होतो. मला पहारा महत्त्वाचा वाटतो. २९ व्या कलमाला दोन अंगे आहेत. दूताला हात लावू नका, हे एक. आणि दुसऱ्या कोणी त्याच्या अंगावर येऊ नये म्हणून यजमान राज्याने योग्य ती सर्व खबरदारी घ्यावी, हे दुसरे. पहिल्या अंगासाठी रो सुरतेत महिनाभर भांडला. दुसरे अंग चोपड्याच्या ठाणेदाराने एका रात्रीत पाळले. ज्या राज्यात असे घडते त्याला परदेशी वकिलाची जबाबदारी कळत नाही, असे म्हणता येत नाही. त्याची समजूत वेगळ्या जागी पक्की होती : पाहुण्याच्या जिवाची हमी आमची, पण पाहुण्याने आमच्या दारात कसे उभे राहावे हे आम्ही ठरवू.

बऱ्हाणपुरात नेमका हाच मुद्दा उभा राहिला, आणि रोच्या सगळ्या लिखाणातला सर्वांत चांगला प्रसंग आपल्याला मिळाला. बऱ्हाणपूर तेव्हा दख्खनच्या मोहिमेचे ठाणे होते. मलिक अंबर तळपत होता. शहराभोवती फौज पडलेली. नावाचा सेनापती शहजादा परवीझ, खरा कारभार खानखानान अब्दुर्रहीमचा. ही गोष्ट रोने लगेच ओळखली, हे त्याचे श्रेय. १८ नोव्हेंबरला तो शहजाद्याच्या भेटीला गेला.

आधी एका अधिकाऱ्याने सांगितले की डोके उघडे करून, जमिनीला टेकवून मुजरा करावा लागेल. रो म्हणाला, मी मानाने भेटायला आलो आहे, चाकरांचा रिवाज मला लागू नाही. तो आत गेला, आपल्या पद्धतीने वाकला, शहजाद्यानेही अंग लववले. कठड्याच्या आत सरदार हात बांधून उभे. समोर तीन पायऱ्या, वर छत्राखाली परवीझ. पायऱ्यांच्या तळाशी रो थांबला आणि म्हणाला, मला वर येऊन जवळ उभे राहू द्या. उत्तर आले : इराणचा शहा किंवा रूमचा सुलतान स्वतः आला तरी हे व्हायचे नाही. रोने लगेच उलट टाकले, ते आले तर आपण दाराशी सामोरे जाल याबद्दल मला शंका नाही. पण मला त्यांच्या वकिलांना मिळतो तेवढाच मान हवा, अधिक नको. तेवढा आहेच, असे शहजाद्याने सांगितले. मग रोने खुर्ची मागितली. इथे कोणीच बसत नाही, असे उत्तर. शेवटी एक मेहेरबानी झाली : छत्राला आधार देणारा चांदीने मढवलेला खांब होता, त्याला टेकून उभे राहण्याची परवानगी.

हा खांब मला फार आवडतो. पायरी नाही, खुर्ची नाही, मुजरा नाही, पण खांब. दोघांपैकी कोणीही हरले नाही. परवीझ हा दारूबाज आणि निकामी शहजादा म्हणून इतिहासात नोंदला गेला आहे, आणि त्याच संध्याकाळी रोने नजर केलेल्या मद्याच्या बाटल्यांनी त्याचा असा ताबा घेतला की ठरलेली खासगी भेट झालीच नाही. तरीही दरबारातली ती काही मिनिटे त्याने ज्या हुशारीने निभावली, तिला आज आपण शिष्टाचार विभागाचे काम म्हणू. बऱ्हाणपुरात वखार घालण्याची परवानगी द्यायलाही तो तयार झाला, बक्षीला फर्मान लिहायला सांगितले.

रोचा दरबार म्हणजे दोन संस्कृतींचा परस्परांविषयीचा गैरसमज, अशी मांडणी बर्नार्ड कोन या अमेरिकी अभ्यासकाने केली आणि ती खूप गाजली. मोगलांसाठी पोशाख, नजराणा, मुजरा या गोष्टी माणसाला राजाच्या देहाशी जोडून घेणाऱ्या होत्या. रो त्यांना नुसती खूण किंवा लाच समजला, असा तिचा आशय. अजमेरच्या पानांना हे बऱ्यापैकी लागू पडते. बऱ्हाणपूरला नाही. इथे रोला मुजऱ्याचा अर्थ पूर्ण कळला होता, म्हणून तर तो चाकरांचा रिवाज म्हणून त्याने नाकारला. परवीझच्या माणसांनाही रोला काय हवे ते कळले होते, म्हणून त्यांनी इराण आणि रूमची नावे घेतली. गैरसमज असता तर घासाघीस झाली नसती. तीन पायऱ्यांच्या तळाशी उभे राहून 'इतरांना जेवढे तेवढेच मला' असे म्हणणारा माणूस बाजारातला सौदा करत होता, आणि समोरचाही.

त्या सौद्यात रोला किती मिळाले, हे कळायला वर्ष जावे लागले. ऑक्टोबर १६१६ मध्ये इराणचा वकील मुहम्मद रझा बेग अजमेरला आला. रो डोळ्यांत तेल घालून बघत होता. त्या वकिलाने बादशहासमोर तस्लीम केली, जमिनीला डोके टेकवले. म्हणजे बऱ्हाणपुरात रोने 'इराणच्या वकिलाएवढा मान' मागितला, तो शब्दशः दिला गेला असता तर त्याला लोटांगण घालावे लागले असते! त्याला मिळाली ती सवलत होती. आणि ती देणाऱ्यांना रो किती महत्त्वाचा वाटत होता? जहांगीराने स्वतःच्या आठवणी लिहिल्या. पक्षी, फळे, शिकार, चित्रे यांच्याबद्दल तो बारकाईने लिहितो, इराणच्या वकिलाची नोंद करतो. थॉमस रोचे नाव त्यात कुठेही नाही. आपण सगळे जो दरबार रोच्या डोळ्यांनी बघतो, त्या दरबाराच्या मालकाने रोला एक ओळही दिली नाही. रोजनिशी वाचताना हे सतत डोक्यात ठेवावे लागते.

राजदूताचे सोंग नक्की कोणाच्या पैशाने चालले होते, हा यापुढचा प्रश्न. रोकडे जेम्स राजाचे पत्र होते, पण त्याचा पगार, वर्षाला सहाशे पौंड, ईस्ट इंडिया कंपनी देत होती. आजच्या व्हिएन्ना कराराचे ४२ वे कलम राजदूताला स्वतःच्या फायद्यासाठी धंदा करायला मनाई करते. रो स्वतः धंदा करत नव्हता, कंपनीने त्याला ते बंदच केले होते. तो धंद्याचा राजदूत होता. हा गोंधळ त्याला स्वतःला उमगला. नोव्हेंबर १६१६ मध्ये कंपनीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की इथे राजदूत ठेवण्यापेक्षा साध्या योग्यतेचा एखादा प्रतिनिधी ठेवला तर जास्त काम होईल. राजदूताला मानापायी जिथे जाता येत नाही तिथे तो जाईल. हे वाचल्यावर सुरतेच्या कारकुनाबद्दल मला आदर वाटू लागला. पेटी उघडून बघावी, ही त्याची इच्छा अगदीच अडाणी नव्हती. रो १६१९ च्या सुरुवातीला परत निघाला तेव्हा त्याच्या हातात दोन राजांमधला तह नव्हता; शहजादा खुर्रमकडून मिळालेली सुरतेपुरती फर्माने होती.

याच्या शेजारी रायगड ठेवून बघावा. ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. त्याने दुरून वाकून मुजरा केला, दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी उंच धरून दाखवली, महाराजांनी त्याला सिंहासनाजवळ बोलावले, पोशाख दिला. पायऱ्यांवरून, खुर्चीवरून काहीही वाद नाही. कारण ऑक्झिंडेन व्यापाऱ्यांचा वकील म्हणून आला होता आणि आपण कोण आहोत हे त्याने लपवले नव्हते. त्याला राजापूरच्या नुकसानभरपाईची बोलणी करायची होती. अर्ध्या शतकात कंपनीने रोचा सल्ला मानला होता, असे म्हणायला हरकत नाही.

आता मातीच्या घरांकडे येऊ. रोचे ते वाक्य नोव्हेंबर १६१५ मधले आहे. तेव्हा तो तापाने आजारी होता. सुरतेत झालेला अपमान ताजा होता. राजाच्या वकिलाला वाटेत त्याच्या दर्जाचे घर मिळाले नाही, ही त्याची तक्रार आहे, आणि त्या तक्रारीचे तो मुलखाचे वर्णन करून टाकतो. थोड्याच वर्षांपूर्वी अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत याच खानदेशाबद्दल लिहिले आहे. तिथे शेती चांगली आहे. ज्वारी मुख्य पीक, काही ठिकाणी वर्षातून तीन वेळा येते, आणि तिचा ताटा इतका गोड की फळासारखा खावा. कापडाची दोन जातिवंत नावे देऊन ती धरणगावची असल्याचे तो नोंदवतो. कौतुकाचा भाग वजा केला तरी धरणगावचे माग आणि ज्वारीचा ताटा वजा होत नाही. आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत पोरे अजून ताटे सोलून चघळतात. रोच्या मागून आलेला त्याचा पाद्री एडवर्ड टेरी खानदेश सुभ्याची नोंद करताना बऱ्हाणपूर मोठे आणि दाट वस्तीचे असल्याचे सांगतो. इंग्रजांनाही पुढे तापीकाठचे कापडच हवे होते. १६७४ साली त्यांनी धरणगावात वखार घातली आणि पुढच्याच वर्षी मराठ्यांनी ती लुटली. ओसाड मुलखात कोणी वखार घालत नाही, आणि घातली तर लुटायला कोणी जात नाही.

राहिली माती. खानदेशात धाब्याचे घर म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि त्यावर चोपलेली पांढरी माती. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो तेव्हा त्या घरात दुपारी डोळा लागतो. सिमेंटच्या स्लॅबखाली लागत नाही. नशिराबादच्या जुन्या गल्ल्यांत अशी घरे अजून उभी आहेत, आणि ती गरिबांचीच होती असे नाही. कोरीव चौकटी आणि चांगल्या सागाचे खांब त्यांतल्या कित्येकांना आहेत.

बऱ्हाणपुरात रोला मातीचे घर दिलेही नाही. कोतवालाने त्याची सोय सराईत केली. चार खोल्या, विटांच्या, वरून घुमटासारख्या गोल. रोने त्यांना भट्टीची उपमा दिली आणि आपल्या तंबूतच मुक्काम केला.